ऑपरेशनची तारीख आणि आषाढीचा खोकला

आषाढी करून दादा तासगावला परतला तो घसा बसवूनच. पुढच्या बुधवारी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलेलं. फोन वहिनीनं केला, तोही परसदारी जाऊन. "वन्सं, ह्यांना चार दिस झालं खोकला हाय. राती कणकण पण होती. पण डॉक्टरला सांगू नगं म्हणत्यात. तारीख हुकली तर छाटणी गाठंना."

दादाचा हिशेब मला पाठ होता. द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की माणसाला श्वास घ्यायला सवड नसते. हर्नियाला जाळी बसवली की सर्जन साधारण सहा आठवडे वजन उचलू देत नाहीत. म्हणून त्यानं मागं मोजत मोजत जुलैतला बुधवार काढला होता. हिशेब चोख, फक्त त्यात पंढरपूरची गर्दी, पावसात भिजणं आणि शंभर माणसांचा खोकला धरलेला नव्हता.

मी ३१ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते. आधी मिरजेत, मग सांगलीत. डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाचं ऑपरेशन करावं नि कुणाचं पुढं ढकलावं हे मी ठरवत नाही. पण सर्दी-खोकला अंगावर घेऊन टेबलावर आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि लपवून आलेली त्याहून जास्त. ऑपरेशन ठरलंय आणि मध्येच पडसं झालं, तर काय करायचं, ते दादाच्या निमित्तानं लिहून ठेवते.

पहिलं हे बघा, की तुमचं ऑपरेशन थांबू शकतं का. त्रास न देणारा हर्निया, मोतीबिंदू, गुडघा बदलणं, अधूनमधून दुखणारे पित्ताशयातले खडे, मुलांचे टॉन्सिल ही ठरवून करायची ऑपरेशनं. महिनाभर इकडंतिकडं झालं तर बहुतेक वेळा बिघडत नाही. पण हर्नियाची गाठ अचानक घट्ट झाली, आत जाईना, कळा येऊन उलट्या सुरू झाल्या, तर खोकला असो की ताप, त्याच तासाला दवाखाना गाठायचा. तिथं आतडं अडकलेलं असतं. कॅन्सरच्या ऑपरेशनचा हिशेब वेगळा. तिथं थांबण्याचाही धोका असतो, म्हणून सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळून तो तोलतात. पुढं जे लिहिते ते पहिल्या गटासाठी.

"साध्या पडशानं काय हुतंय?" दादानं मला फोनवर हेच विचारलं. काय होतं ते सांगते. श्वासनळीच्या आत मऊ अस्तर असतं आणि त्यावर बारीक केस. ते दिवसरात्र कफ वर ढकलत असतात. विषाणू हे अस्तर खरवडतो. खालच्या संवेदनशील नसा उघड्या पडतात, केसांचं काम थंडावतं, आणि नळीभोवतीचे स्नायू जराशा चिथावणीनं आवळायला लागतात. चूल पेटवल्यावर, थंड हवेत गेल्यावर पडसं झालेला माणूस खोकून बेजार होतो तो यामुळंच. नाक वाहायचं काही दिवसांत थांबतं, पण आतली ही हुळहुळ दोन ते सहा आठवडे राहू शकते. बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो.

आता अशा नळीत भूल देताना ट्यूब घालायची. जागेपणी ठसका लागला की आपण खोकतो, पाणी पितो, उठून बसतो. भुलेत यातलं काही करता येत नाही. स्वरयंत्र घट्ट मिटून घेतं, किंवा खालच्या नळ्या दम्यासारख्या आवळतात. हवा आत जात नाही.

एकदा जतकडून एक आई मुलाला टॉन्सिलसाठी घेऊन आली होती. पाच वर्षांचं पोर. नवऱ्याला रजा मिळेना म्हणून दोनदा तारीख बदललेली, पहाटेच्या एसटीनं आलेली. नाक स्वच्छ पुसलेलं. सर्दी आहे का विचारलं तर म्हणाली, नाही. भूल उतरवताना ट्यूब काढली आणि पोराची छाती जोरात हलायला लागली, पण आवाज काही नाही. आवाज नसणं हे सगळ्यात वाईट. बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या यंत्राची टिकटिक असते ना, आकडा घसरला की तिचा सूरही खाली उतरतो. थिएटरमधल्या माणसाला आकडा बघावा लागत नाही, सुरावरून पोटात गोळा येतो. डॉक्टरांनी मास्क दाबून धरला, औषध दिलं, मिनिटभरात गळा सुटला. मूल वाचलं, दुसऱ्या दिवशी हसतही होतं. आई नंतर रडत म्हणाली, "चार दिस सर्दी हुती, पण परत पाठवाल म्हणून बोलले न्हाई." मी तिला काही बोलले नाही. तिनं दोनदा तिकीट काढलं होतं, दोनदा मजुरी बुडवली होती. आणि सर्दी आहे का, हे आम्हीही घाईत, दारात उभं राहूनच विचारलं होतं.

लहान मुलांत हा धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो, कारण नळी मुळातच बारीक. एक वर्षाच्या आतलं बाळ, दिवसांआधी जन्मलेलं, दमा असलेलं, घरात कुणी बिडी-सिगारेट ओढतं असं मूल, आणि त्यातही ऑपरेशन नाक-घसा-टाळूचं असेल तर अजून जास्त. घरात कोण ओढतं हे भूलतज्ज्ञ विचारतात ते याचसाठी. तिथं सासऱ्यांची अब्रू राखू नका.

मग करायचं काय?

सर्दी सुरू झाली त्या दिवशी कागद घ्या. कुठल्या दिवशी सुरू झाली ते लिहा. ताप आला का, किती आला, थर्मामीटर लावला होता का. नाक पाण्यासारखं वाहतंय की पिवळं-हिरवं. खोकला कोरडा की कफाचा. छातीत सूं सूं आवाज येतो का, जिना चढताना दम लागतो का. जेवण जातं का. लहान मूल असेल तर खेळतंय की मरगळून पडलंय, हा एक प्रश्न दहा तपासण्यांच्या तोडीचा. घरात अजून कुणाला झालंय का. आणि कुठली औषधं घेतली, अगदी काढ्यापर्यंत.

यातली "औषधं" ही ओळ फार महत्त्वाची. आपल्याकडं गावात सुई मारून घ्यायची सवय आहे. त्या सुईत बऱ्याचदा स्टेरॉईड असतं. दोन दिवस माणसाला घोड्यासारखं वाटतं, मधुमेह असेल तर साखर आभाळाला भिडते. कसली सुई ते विचारा, चिठ्ठी मागा. तापाची गोळी घेऊन तपासायला गेलात तर ताप दिसणार नाही, म्हणून किती वाजता घेतली तेही सांगा. मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ नका. विषाणूवर त्यांचा उपयोग नाही.

मग फोन. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नव्हे, सर्दी सुरू झाली त्याच दिवशी. काउंटरवरच्या मुलीला सांगून मोकळं होऊ नका. तिच्याकडं पन्नास निरोप असतात. "भूलवाल्या डॉक्टरांपर्यंत हे पोचवायचंय, त्यांचा निरोप मला परत हवाय" असं स्पष्ट म्हणा. आपल्याकडं बऱ्याच छोट्या दवाखान्यांत भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, सकाळी एका ठिकाणी, दुपारी दुसऱ्या. पेशंटची आणि त्यांची गाठ थेट टेबलापाशीच पडते. म्हणून भुलेपूर्वीची तपासणी आधी एखाद्या दिवशी करून घ्या, मागितली तर मिळते. फिजिशियनचा फिटनेसचा कागद आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पंधरा दिवसांपूर्वीच्या कागदाला कालची कणकण ठाऊक नसते.

दादाला मी फोनवरच खोकायला लावलं. आवाज ओला होता, खालून येणारा. मग ऑक्सिमीटर शोधायला लावला. कोविडात घेतलेला, देवघराच्या कपाटात सापडला, सेल बदलले. बसून ९७. मग अंगणात सहा मिनिटं नेहमीच्या चालीनं चालवलं, जे कोविडात घरोघर केलं होतं तेच. चालून ९३. चालल्यावर आकडा ९४ च्या खाली गेला किंवा तीन-चारनं उतरला, तर ती गोष्ट डॉक्टरांना सांगण्याचीच असते. बोट गार नको, नेलपॉलिश नको, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. आकडा चांगला आला म्हणजे परवानगी मिळाली असं मात्र नाही.

किती थांबायचं, याचं एकच उत्तर नाही, आणि कुणी एकदम छातीठोक आकडा सांगितला तर मला शंका येते. ढोबळ चाल अशी: पाण्यासारखं नाक, ताप नाही, छाती साफ, माणूस खातोय-पितोय, आणि ऑपरेशन बारीकसं, तर कधीकधी ठरल्या दिवशीही करतात. मुलाची साधी सर्दी असेल तर हल्ली बहुधा दोन आठवडे थांबवतात. ताप, पिवळा कफ, छातीत आवाज, दम, म्हणजे संसर्ग खाली उतरला असेल, तर चार ते सहा आठवडे. दमा किंवा जुनाट खोकल्याचा आजार असेल, ऑपरेशन पोटाच्या वरच्या भागाचं, छातीचं किंवा दोन तासांहून लांबणारं असेल, तर डॉक्टर हात आखडता घेतात. ऑपरेशननंतर फुप्फुसाचा त्रास कुणाला होईल हे आधी ताडण्यासाठी डॉक्टर जी गुणांची यादी वापरतात, तिच्यात "गेल्या महिनाभरात श्वसनाचा संसर्ग" हा वेगळा मुद्दाच आहे. वय, ऑक्सिजनचा आकडा आणि कमी हिमोग्लोबिन हेही त्यातच. आणि वर्षाचे बारा महिने सकाळी शिंकणारी ॲलर्जीची माणसं असतात, त्यांनी "नेहमीचंच आहे" असं सांगावं. त्यांचं ऑपरेशन उगाच पुढं जायला नको.

कोविडचं थोडं वेगळं सांगते, कारण तिथं मोजदाद झालेली आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ११६ देशांतल्या १,४०,२३१ पेशंटांची माहिती गोळा केली होती, २०२१ मध्ये ती छापून आली. ज्यांना कोविड झालाच नव्हता त्यांच्यात ऑपरेशननंतर ३० दिवसांत शंभरात दीड जण दगावले. कोविड झाल्यावर दोन आठवड्यांत ऑपरेशन झालेल्यांत ४.१, तीन-चार आठवड्यांत ३.९, पाच-सहा आठवड्यांत ३.६. सात आठवडे उलटल्यावर परत दीडवर. पण सात आठवड्यांनंतरही ज्यांचा त्रास सरला नव्हता, त्यांच्यात ६. यात तातडीची ऑपरेशनंही होती आणि काळ लसीच्या आधीचा. त्यानंतर आजार सौम्य होत गेला, लशी झाल्या, आणि २०२३ पासून नियम सैल झाले: पहिले दोन आठवडे ठरवून करायचं ऑपरेशन नको, दोन ते सात आठवड्यांत माणूस बघून ठरवायचं. मला त्या आकड्यांतला शेवटचा ६ सगळ्यात बोलका वाटतो. कॅलेंडर पुरं झालं तरी खोकला आणि दम संपलाय का, हे बघावंच लागतं.

"मग मला कमरेत सुई देऊ द्या, पुरी भूल नगंच," दादाचा पुढचा डाव. हे पुष्कळजण म्हणतात. मणक्यातल्या भुलेत घशात ट्यूब जात नाही, एवढा फायदा खराच, आणि कधीकधी डॉक्टर तो मार्ग घेतातही. पण ती पुरी पडली नाही तर ऐनवेळी ट्यूब घालावीच लागते. शिवाय खोकला तर राहतोच. हर्नियाला जाळी बसवली आणि माणूस रात्रभर खोकतोय, म्हणजे प्रत्येक ठसक्याला टाक्यांवर ओढ. मोतीबिंदूचं बघा, तिथं नुसतं डोळ्यापुरतं बधिर करतात, पण सुई-चाकू डोळ्यात असताना ठसका लागला तर? वीसेक मिनिटं उताणं, न हलता झोपता येत नसेल तर तेही पुढं ढकलावं.

दादाचं ऑपरेशन पाच आठवडे पुढं गेलं. गणपतीच्या आधीचे दिवस मिळाले. त्यानं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

तारीख बदलली की लोक गळपटून घरी येतात आणि एक गोष्ट विसरतात, बंद केलेल्या गोळ्या. ऑपरेशनसाठी म्हणून रक्त पातळ करायची गोळी थांबवलेली असते. ऑपरेशन रद्द झालं की त्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं, "परत सुरू करू का?" स्टेंट घातलेल्या माणसानं ती गोळी महिनाभर विसरणं हे पडशाहून कितीतरी भयंकर. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तेच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून मंजुरी घेतली असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला नवी तारीख सांगून कागदाचं काय करायचं ते विचारून घ्या. जुन्या रक्ताच्या तपासण्या चालतील का, तेही आत्ताच विचारा.

आणि हा काळ नुसता बसून घालवू नका. दवाखान्याशेजारच्या मेडिकलमध्ये तीन गोळ्यांचं यंत्र मिळतं, नळीतून श्वास आत ओढला की गोळ्या वर जातात. फुंकायचं नाही, ओढायचं. निम्मी माणसं ते फुंकतात. दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी दहा श्वास, मध्ये थांबत. चक्कर आली तर बंद. रोज अर्धा तास चालणं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, वाफ बरं वाटतं म्हणून घ्या, फक्त मुलांजवळ उकळतं पातेलं ठेवू नका. दम्याचा पंप असेल तर चालूच ठेवायचा, ऑपरेशनच्या सकाळीही, आणि बरोबर घेऊन जायचा.

बिडी-सिगारेट आजच बंद. चार आठवडे आधी सोडली तर उत्तम. एक दिवस आधी सोडली तरी रक्तातला धूर थोडा उतरतो, त्यामुळं "आता काय उपयोग" हे कारण चालत नाही. दादा ओढत नाही, पण तंबाखू मळतो. टेबलावर झोपलेल्या माणसाच्या गालात तंबाखूची चिमूट मी स्वतः बोटानं काढलेली आहे, एकदा नव्हे. भुलेत ती श्वासनळीत गेली असती.

नव्या तारखेच्या आधीचे दोन आठवडे लग्न, बारसं, जत्रा, गच्च भरलेली एसटी टाळा. जावंच लागलं तर मास्क. घरातल्या शिंकणाऱ्यानं पेशंटपासून लांब झोपायचं. फ्लूची लस घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून आधीच घ्या, तिचा परिणाम व्हायला दोनेक आठवडे लागतात.

ऑपरेशनच्या सकाळी उपाशी राहणं सगळ्यांना ठाऊक असतं, पण "घसा शेकायला" म्हणून दुधाचा चहा पिणारे असतातच. दूध घातलेला चहा सहा तास आधी बंद. साधं पाणी बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत देतात, पण तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळच धरा. आणि त्या सकाळी परत नाक वाहायला लागलं, तर गाऊन घालण्याआधी सांगा. सिस्टर वैतागतील, मीही वैतागायची. वैतागू द्या.

ऑपरेशननंतर खोकला आला तर दाबून ठेवू नका. टाक्यांवर उशी दोन्ही हातांनी घट्ट धरा आणि मग खोका, कफ निघू द्या. लवकर उठून बसा, चाला. ताप, वाढता दम, छातीत दुखणं, पोटरी एका बाजूची सुजणं, यातलं काही दिसलं तर ड्रेसिंगच्या तारखेची वाट बघायची नाही.

दादानं ते यंत्र आधी बाजूला टाकलं होतं. नातवानं खेळणं म्हणून उचललं, तिन्ही गोळ्या वर नेल्या, आणि आजोबाला दीडच जमली. मग ईर्ष्येला पेटला. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात अंगणात सहा मिनिटं चालून ९७ आला, खोकला नाही. भूलतज्ज्ञांनी छाती तपासली, कागद वाचला, "कुणी लिहिलंय हे?" म्हणून विचारलं.

ऑक्टोबरात छाटणी वेळेवर सुरू झाली. दादा बांधावर खुर्ची टाकून मजुरांवर ओरडत होता. आवाज पार मोटारीच्या शेडपर्यंत येत होता. वहिनी म्हणाली, "वन्सं, ह्यांचा परत जरा घसा बसंल असं कायतरी बघा."